सळईला पाणी

आठवीला धाराविद्युतचा धडा शिकवायला मला फार आवडतं. बाकीचे काही धडे शिकवताना मी चोरून घड्याळाकडे बघते, पण हा धडा आला की आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवते. टॉर्चचे दोन सेल, होल्डरसकट एक छोटा बल्ब, लाल आणि काळी वायर, चिकटपट्टी, आणि कळ म्हणून वापरायला एक सेफ्टी पिन. माझी शाळा ढोकीहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. धाराशिवहून ढोकीपर्यंत एसटी आणि तिथून पुढे मिळेल ते वाहन. त्या वाहनात वायरींची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मला बघून एकदा एका गृहस्थांनी विचारलं होतं, "मॅडम, घरची लाइट गेली का?" मी त्यांना ढोकीपासून शाळेपर्यंत परिपथ समजावून सांगितला. त्यानंतर ते मला बघितलं की मागच्या सीटवर जातात.

माझी शिकवायची एक पद्धत ठरलेली होती. आधी सेलची फक्त लाल वायर बल्बला लावायची आणि वर्गाला विचारायचं, लागला का? पोरं म्हणणार, नाही. मग काळी वायर लावायची आणि सेफ्टी पिन मिटायची. एवढासा तो बल्ब, पण तो लागला की अख्खा वर्ग एका आवाजात "हाऽऽ" करतो. घरी पोरांच्या हातात मोबाइल असतात, तरीही करतो. त्या आवाजासाठी मी नोकरीची एवढी वर्षं ती पिशवी वागवली असं म्हटलं तरी चालेल.

मग फळ्यावर आकृती. सेलच्या एका टोकातून निघायचं, कळीतून जायचं, बल्बातून जायचं आणि सेलच्या दुसऱ्या टोकाला परत यायचं. जायची वाट आहे पण परतीची वाट नाही, तर प्रवाह निघतच नाही. म्हणून वायरी दोन. हे झालं की मी डस्टर टेबलावर आपटून शेवटचं वाक्य म्हणायचे, "एका वायरवर बल्ब लागत नाही. कधीच नाही." त्यातलं 'कधीच नाही' हे पुस्तकात नाही, ते माझं स्वतःचं होतं. मला ठासून बोलायची हौस आहे.

त्या वर्षी जानेवारीत मी असंच डस्टर आपटलं आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गावाबाहेर रानात राहणारी, रोज सायकलवर येणारी. वर्गात सहसा बोलायची नाही. तिचं अक्षर इतकं बारीक की वही तपासताना मला चष्मा पुसावा लागायचा.

"मॅडम, आमच्या रानात एकाच वायरीवर लागतो."

"काय लागतो?"

"बल्ब. एकच वायर हाय."

मी म्हटलं, नीट बघ, दोन असतील, एकात एक गुंडाळलेल्या असतील. ती म्हणाली, न्हाय, एकच हाय. मी म्हटलं, ये, काढून दाखव फळ्यावर. मला वाटलं, काढता काढता तिचं तिलाच कळेल.

तिनं मोटारीची पेटी काढली. पेटीतून एक वायर बल्बपर्यंत नेली. बल्बाच्या दुसऱ्या बाजूनं हातभर वायर खाली आणली आणि जमिनीत ठोकलेल्या एका लोखंडी सळईला गुंडाळली. तिथं आकृती संपली. मग थोडा विचार करून तिनं सळईशेजारी एक घागर काढली.

"ही घागर कशाला?"

"पाणी घालायला. बल्ब मंद झाला की आई सळईला पाणी घालते. मग जोरात लागतो."

आता मी काय करायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. विचारायला हवं होतं, कसा गं लागतो? तास बाजूला ठेवून तिच्याबरोबर बघायला जायला हवं होतं. त्याऐवजी मला हसू आलं, आणि मी एकटी हसत नाही, वर्गाला हसवते. मी म्हटलं, "अरे वा! मग वीजमंडळाला कळवूया. डीपी काढून टाका म्हणावं, जागोजाग घागरी घेऊन माणसं उभी करा." वर्ग खो खो हसला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या पोरांच्या रानात तशीच सळई होती हे मला नंतर कळलं. तीही हसत होती, कारण मॅडम हसत होत्या.

मुलीनं डस्टर घेतलं आणि आपली आकृती आपणच पुसली. मी तिला जागेवर बसायला सांगितलं आणि 'परिपथ पूर्ण नसेल तर प्रवाह वाहत नाही' हे वाक्य वहीत पाच वेळा लिहायला लावलं. तिनं ते बारीक अक्षरात लिहिलं. तास संपताना मी पिशवी आवरत होते तेव्हा ती टेबलापाशी आली.

"मॅडम, मग सळईत करंट नसतोच का?"

"परिपथच नाही तर करंट कुठून येणार? नसतो," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणून गेली. मी हे एसटीत विसरूनही गेले.

पुढं तीनेक आठवड्यांनी, एका शनिवारी, शाळेच्या बोअरची मोटार बंद पडली. गावातले एक वयस्कर वायरमन ती बघायला आले. मोटारी, पंखे, गिरणी, गावात विजेवर चालणारं जे जे आहे ते त्यांच्या हाताखालून गेलेलं. सकाळची शाळा सुटत आली होती. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून वह्या तपासत होते. चहा आला, आणि गप्पांना काही तरी हवं म्हणून मी त्यांना घागरीचा किस्सा सांगितला. नकलेसकट.

ते हसले नाहीत. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"बाई, त्यात चुकीचं काय हाय?"

मला वाटलं त्यांना ऐकू कमी येतं. मी पुन्हा सांगितलं, एकच वायर, दुसरी नाहीच.

"दुसरी हाय की. जमीन." त्यांनी पायानं जमिनीवर ठोकलं. मग मला, विज्ञानाच्या शिक्षिकेला, त्यांनी समजावून सांगितलं, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा सोपं सांगितलं. शेतातल्या मोटारीला तीन फेज लागतात, म्हणून रानात फेजच्या तीनच वायरी नेतात. बल्बाला लागतो एक फेज आणि परतीचा एक न्यूट्रल. न्यूट्रलची चौथी वायर एवढ्या लांब कोण ओढणार? पण डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. मग लोक काय करतात, पेटीतनं एक फेज घेतात आणि बल्बाची दुसरी बाजू सळईनं जमिनीत सोडतात. करंट सळईतून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून डीपीपर्यंत परत जातो. जमीन सुकली की त्याला वाट मिळत नाही, बल्ब मंद पडतो. पाणी घातलं की वाट मोकळी होते.

म्हणजे परतीची वाट होती. मी ज्या वाटेवर इतकी वर्षं डस्टर आपटत होते ती त्या पोरीच्या आकृतीत होती, फक्त तिथं मारायची रेघ तिला माहीत नव्हती. आणि मला माहीत असायला हवी होती. मी वाढले धाराशिवात, मीटर असलेल्या घरात. वडील कोर्टात कारकून. रानातली पेटी मी एसटीच्या खिडकीतून तेवढी बघितलेली. मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली. सोमवारी पोरीला शाबासकी देऊन टाकू, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात ते म्हणाले, "पाणी कोण घालतं म्हणालात?"

"तिची आई."

"लई वाईट. मागल्या साली पलीकडच्या शिवारात अशाच सळईपाशी एक म्हैस गेली. बल्ब मंद झाला की मानसाला वाटतं करंट कमी झाला. उलटं असतं, बाई. बल्ब जेवढा मंद, तेवढी सळई वाईट. खाली उतरायला वाट न्हाय, मग सगळा सळईतच थांबलेला. आन् नेमका त्याच टायमाला बायामानसं अनवाणी पानी घालायला जात्यात."

मी कप खाली ठेवला. मला त्या मुलीचा शेवटचा प्रश्न आठवला. सळईत करंट नसतोच का? नसतो. शाळेतून पोरगी घरी जाते, आई विचारते काय शिकवलं, आणि पोरगी सांगते. आपल्याकडे अजून शिक्षकाचा शब्द घरात तसाच्या तसा जातो. मी धावत जाऊन हजेरीचा तक्ता बघितला. ती मुलगी कालपासून गैरहजर होती.

तक्त्यावर तिच्या वडिलांचा नंबर होता. लावला, तर तिकडून ट्रॅक्टरचा आवाज. ते कारखान्याला ऊस वाहत होते, आवाजात त्यांना माझं एक अक्षर कळेना. "मॅडम, पोरगी घरी हाय, घरी," एवढंच ते ओरडत राहिले. मी वायरमनना म्हटलं, मला तिथं घेऊन चला. ते म्हणाले, मोटार अर्धी उघडलीय. मी म्हटलं, राहू द्या उघडी. माझा हा आवाज सातवी-आठवीची पोरं ओळखतात. त्यांनीही ओळखला आणि मुकाट गाडीला किक मारली.

त्यांच्या मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये हत्यारांची पिशवी घेऊन, मी त्या कच्च्या रस्त्यानं निघाले. दोन्ही बाजूंना हरभरा काढणीला आलेला, जमीन सुकून भेगाळलेली. एरवी मला तो हिरवा-पिवळा रंग आवडतो. त्या दिवशी मी फक्त भेगा बघत होते, आणि मनात म्हणत होते की आज तरी तिथं लाइट नसू दे.

लाइट होती. घर लांबून दिसलं तेव्हाच भर दुपारी गोठ्याच्या आडव्या वाशाला लटकलेला बल्ब लागलेला दिसला. रानात तो चालूच ठेवतात. मोटारीची लाइट कधी येईल त्याचा नेम नसतो, बल्ब लागला की आली म्हणून कळतं. बल्ब मंद होता, नुसता पिवळा.

मुलीची आई गोठ्याच्या कडेला होती. चाळिशीच्या आतली, बारीक, चेहऱ्यावर ऊन लागलेली बाई. पदर खोचलेला, पाय अनवाणी, हातात भरलेली घागर. आणि ती सळईकडे निघाली होती. सळईला दाव्यानं एक रेडकू बांधलेलं.

मी गाडी थांबायच्या आधीच उतरले, म्हणजे जवळजवळ पडलेच, आणि ओरडले, "थांबा! पाणी घालू नका! मागं व्हा!"

ती दचकली. घागर हातातून सुटली, पाणी तिच्या पायाशी सांडलं आणि भेगांत शिरायला लागलं. सळई अजून चार-पाच पावलं लांब होती. वायरमन पेटीकडे पळाले आणि खटका पाडला. बल्ब विझला.  

"काय झालं, मॅडम? पोरीनं काय केलं का शाळंत?" ती घाबरून विचारत होती. मी एवढ्या लांब आले म्हणजे तिच्या पोरीचीच काही तक्रार असणार, असं तिनं धरलं होतं.

मुलगी दारात आली. अंगावर शाल, ताप येऊन गेलेला. माझ्याकडे आणि सळईकडे आळीपाळीनं बघायला लागली.

मी तिच्या आईला विचारलं, "तुम्ही रोज असं हातानं पाणी घालता? अनवाणी?"

"आता रोज घालते. आदी काट्या लावल्या व्हत्या की भोवतीनं, बाभळीच्या. म्हशीला एकदा झटका बसला व्हता, तवापासनं. मंग लांबूनच पाणी फेकावं लागायचं, निम्मं वाया जायचं. पोरगी म्हनली, मॅडमनी सांगितलंय, सळईत करंट न्हाय. मंग काढल्या काट्या. खुंटीबी झाली रेडकाला."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. माझ्या शिकवण्याचा तिला कसा उपयोग झाला ते कौतुकानं सांगत होती.

"आणि काही होत नव्हतं तुम्हाला? हाताला, पायाला?"

"मुंग्या येत्यात पायाला. चिखल झाला की जास्त. मला वाटलं अशक्तपना. दवाखान्यातनं शक्तीच्या गोळ्या आनल्यात."

मला रडू आलं. मी शाळेत कधी रडत नाही, कोणाच्या निरोप समारंभातही नाही. इथं एका शेतात, जिचं नावही मला नीट माहीत नव्हतं अशा बाईसमोर रडले. ती गोंधळली आणि आतून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

वायरमननी सगळ्यांना लांब उभं केलं, रेडकू सोडवून बाजूला बांधलं. "दावं सुकं हाय म्हनून वाचलंय," ते पुटपुटले. मग पायात रबरी चप्पल घालून, फळीच्या तुकड्यावर उभं राहून त्यांनी टेस्टर काढला आणि मला खटका वर करायला सांगितला. बल्ब पुन्हा मंद लागला. त्यांनी टेस्टरचं टोक सळईला लावलं. टेस्टरमधला दिवा लालभडक झाला. ज्या सळईत काही नसतं असं मी सांगितलं होतं, त्या सळईवर.

आईनं तोंडावर पदर धरला.  वायरमननी खटका पाडला, बल्बाची वायर पेटीतून काढून गुंडाळून ठेवली, आणि रीतसर न्यूट्रल ओढल्याशिवाय पुन्हा लावायची नाही असं दोघींना बजावलं. तोवर त्यांनी आपल्या पिशवीतली बॅटरी देऊ केली.

आता माझी पाळी होती. मी त्या आईसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं होतं. तुमची मुलगी बरोबर होती. मी तिचं ऐकलं नाही, वर हसले तिला. त्यामुळं तुम्ही काट्या काढल्या. तुम्हाला काही झालं असतं तर ते माझ्यामुळं झालं असतं."

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "असू द्या, मॅडम. तुमी एवढ्या उन्हाचं आलात की. तुमी सांगितलं म्हनून काट्या काढल्या, आता तुमीच सांगताय म्हनून सळई उपटून टाकते." आणि लगेच चहाचं आधण ठेवायला वळली. तो विश्वास घेऊन मी कुठं जाणार होते ते मला कळेना. मी तो चहा प्यायले. साखर फार होती, पाहुण्यांसाठी घालतात तशी.

निघताना मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, वहीत पाच वेळा लिहिलंय ते खोडू का?"

मी म्हटलं, "ते वाक्य बरोबर आहे. परिपथ पूर्ण नसेल तर प्रवाह वाहत नाही. तुझा परिपथ पूर्ण होता, मला दिसला नाही." तिनं मान हलवली, पण हसली नाही. आणि तिनं का हसावं?

रविवारचा दिवस मी फार वाईट काढला. सोमवारी पहिल्याच तासाला आठवीच्या वर्गावर गेले. पिशवी नव्हती, डस्टर नव्हतं. ती मुलगी आली होती. मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तिची आकृती पुन्हा काढायला सांगितली. तिनं काढली. मग मी खडू घेऊन सळईच्या टोकापासून डीपीपर्यंत, जमिनीखालून, एक तुटक रेघ मारली आणि वर्गाला म्हटलं, "ही दुसरी वायर. ही मला माहीत नव्हती. हिला माहीत होती. त्या दिवशी मी हिला हसले आणि तुम्हाला हसवलं. चूक माझी होती."

बाहेर पोषण आहाराची भांडी घासणं चाललं होतं. मुख्याध्यापक दारावरून जाता जाता थांबले आणि पुढं गेले. मग मी सळई का वाईट, मंद बल्ब का वाईट, अनवाणी पाय का वाईट, सगळं सांगितलं. कोणाकोणाच्या रानात सळई आहे विचारलं. सोळा हात वर झाले. मी प्रत्येकाला उभं करून, घरी काय सांगायचं ते पाठ म्हणून घेतलं. आज संध्याकाळी सांगायचं, उद्या नाही. मला वाटलं, एवढं केलं म्हणजे झालं. खरं म्हणजे थोडं हलकंही वाटलं.

ती मुलगी अजून फळ्यापाशीच उभी होती. म्हणाली, "मॅडम, माझ्या ताईला पण सायन्सला तुमीच होता ना?"

मी विचार केला. होते. सहा-सात वर्षांपूर्वी. हुशार मुलगी, गेल्या वर्षी लग्न झालेली.

"ती कळंबच्या पुढं रानात ऱ्हाती. तिला पण हेच शिकवलं असंल ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला टोचावं म्हणूनही ती बोलली नव्हती. तिला फक्त आपल्या बहिणीची काळजी वाटत होती. मी 'हो' म्हटलं. हेच शिकवलं होतं. डस्टर आपटून, 'कधीच नाही' म्हणून. तिला, आणि तिच्या आधीच्या वर्गाला, आणि त्याच्या आधीच्या. किती तरी पोरं त्या वर्गांतून बाहेर पडून रानात संसार करत होती आणि माझं वाक्य त्यांच्याबरोबर गेलं होतं.  

"नंबर पाठ आहे?"

पाठ होता. मी पर्समधून मोबाइल काढला. वर्गात मोबाइल वापरायचा नाही हा नियम मीच सगळ्यांत जास्त ओरडून पाळायला लावते. पोरांनी माना लांब केल्या. रिंग वाजत राहिली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, माझा चुलतभाऊ पण तुमच्याच वर्गात होता." दुसरी म्हणाली, "माझी मावशी." मी त्या सगळ्यांना फळ्यावर नंबर लिहायला सांगितलं. खडू कमी पडले, त्यांनी तुकडे केले.

फोन उचलला गेला. "हॅलो, कोन?"

"मी शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम बोलतेय."

"मॅडम?" पलीकडे एकदम आनंद. "मॅडम, तुमी! कशा हात? आमच्याकडनं काय..."

"ऐक आधी. तुमच्या रानात बल्ब आहे? एका वायरवरचा? सळई ठोकलेली?"

"हाय की." ती हसली. "आठवतंय, मॅडम, तुमी शिकवलेलं. आमच्या सासूबाई सळईजवळ जाऊ देत न्हाईत, भित्यात. मी त्यांना रोज सांगते, आमच्या मॅडमनी शिकवलंय, त्यात काय नसतं."

मी डोळे मिटले. मग जमेल तेवढ्या सरळ आवाजात तिला सांगितलं की मी चुकले होते, सळईत करंट असतो, सासूबाई बरोबर आहेत, तिच्या जवळ जायचं नाही, पाणी घालायचं नाही, आणि आत्ता लाइट आहे का.

 मग तिचा आवाज, आता अगदी वेगळा, "मॅडम, फोन ठिवू नका. सासूबाई आत्ताच घागर घिऊन गेल्यात. आज मीच समजावून लावून दिलंय."

फोन कुठं तरी आपटला. तिची हाक ऐकू आली, एकदा, दोनदा, लांब लांब जाणारी. वर्गातली चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती आणि तिची धाकटी बहीण माझ्या दंडाला घट्ट धरून उभी होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी आयुष्यात कधी कोणासाठी तशी उभी राहिले नव्हते.

मग पुन्हा खडखड झाली. ती धापा टाकत होती. "बंद केला, मॅडम. खटका पाडला." थोडा श्वास घेऊन म्हणाली, "सासूबाई म्हन्त्यात, तुमच्या मॅडमला सांग, मी चप्पल घालूनच गेले व्हते. माझा इश्वास नव्हता."

मी त्या न बघितलेल्या बाईंना तिथूनच हात जोडले. मग फळ्याकडे वळले आणि पुढचा नंबर लावला.